‘स्मृतिचित्रां’तील श्रद्धेचा संसार

ख्रिस्ती धर्म आणि मराठी भाषा यांच्या संबंधाची गोष्ट निघाली, की आम्हां गोमंतकीयांच्या ओठी पहिले नाव येते ते फादर स्टीफन्स यांचे. ते स्वाभाविकही आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध पुराण रचले, १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले, आणि मराठीच्या थोरवीचे त्यातील वर्णन आमच्या संमेलनांतून कोणी ना कोणी वक्ता म्हणून दाखवतोच. ‘क्रिस्तपुराणा’च्या योग्यतेविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. परंतु पुराण ते पुराण. तेथे देव बोलतो, भक्तगण ऐकतात. ऐकून घरी परतलेल्या बाईची चूल त्या रात्री पेटली की नाही, हे सांगणे पुराणकाराचे काम नव्हे. ख्रिस्तावरची श्रद्धा मीठ-मिरचीच्या संसारात कशी उतरते, दारिद्र्यात, दुखण्याखुपण्यात आणि नवऱ्याच्या लहरीपणात ती कशी तग धरते, हे मराठीत पाहावयाचे झाल्यास साष्टी सोडून नाशिक आणि अहमदनगर या बाजूस वळावे लागते व लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावी लागतात.

या ग्रंथाविषयी आजवर थोडे लिहिले गेलेले नाही. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांची गणना कोणीही करो, हे नाव वगळले जात नाही. तथापि या साऱ्या गौरवाचे दोन तट पडलेले आम्हांस दिसतात. एका तटावरचे रसिक लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची निर्मळ बोली आणि आडपडदा नसलेला स्वभाव यांवर लुब्ध असतात. धर्मांतर हा त्यांच्या दृष्टीने कथेतला एक बिकट प्रसंग, तो ओलांडला की पुन्हा हसण्यास मोकळे. दुसऱ्या तटावरचे श्रद्धाळू वाचक नेमका तोच प्रसंग उचलतात आणि बाकीचा संसार ही त्या साक्षीची प्रस्तावना समजतात. दोघेही ग्रंथाचे चाहतेच. परंतु एकाने श्रद्धा बाजूस ठेवून संसार घेतला आणि दुसऱ्याने संसार बाजूस ठेवून श्रद्धा घेतली. लक्ष्मीबाईंनी मात्र या दोन वस्तू वेगळ्या लिहिलेल्याच नाहीत, हे आमचे म्हणणे आहे आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या बाबतीत आम्ही स्वतः निर्दोष आहोत असे नव्हे. मुख्याध्यापकपदावर येण्यापूर्वी आणि आल्यावरही आम्ही वर्गावर मराठी शिकवीत आलो. ‘स्मृतिचित्रां’तील उतारा आला की आम्ही तो रंगवून वाचीत असू, मुले पोट धरून हसत आणि तास सार्थकी लागला असे आम्हांस वाटे. एकदा मागल्या बाकावरची एक मुलगी उठली. ती ख्रिस्ती घरातली होती. तिने विचारले, “सर, या बाईंनी धर्म का बदलला, ते धड्यात कुठे आहे?” आम्ही उत्तर दिले, “ते परीक्षेला नाही.” ती खाली बसली. उत्तर खोटे नव्हते. पण त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही ग्रंथ पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास घेतला, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांसही एका पानावर बोट ठेवून दाखविता येईना.

उत्तर एका पानावर नाही याचे कारण ग्रंथाच्या जन्मातच आहे. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, जलालपूरच्या गोखल्यांच्या घरचा. अकराव्या वर्षी त्यांचे नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. वाचावयास शिकविले ते पतीने. १९१९ मध्ये टिळक वारले. पुढे चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांचे चरित्र लिहिण्याचे योजिले व आईस आठवणी लिहून देण्यास सांगितले. म्हणजे मूळ हेतू कवी टिळकांसाठी सामग्री पुरविण्याचा. ती सामग्री पुरविता पुरविता बाईंचे स्वतःचे आयुष्य लिहिले गेले आणि १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत प्रसिद्ध झाले. ज्या लेखिकेला आपण स्वतःविषयी काही थोर सांगत आहोत याची जाणीवच नाही, ती आपल्या श्रद्धेचे वेगळे प्रकरण कशास पाडील?

तरी श्रद्धेचा विषय ग्रंथाच्या पहिल्याच पानांत सुरू झालेला आहे, आणि तो ख्रिस्ताच्या नव्हे तर सोवळ्याच्या रूपाने. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या घटनेचा धक्का त्यांच्या वडिलांच्या मनाने असा काही घेतला की त्यांना सारे जगच विटाळलेले भासू लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, कोणाची सावली सहन व्हावयाची नाही, आणि या धुण्यापुसण्यात बायको व लेकरे यांचा जीव मेटाकुटीस आलेला. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. परंतु पुन्हा वाचताना आमचे हसू मध्येच थांबले. हा गृहस्थ दुष्ट नाही. तो भ्यालेला आहे. त्याच्या सासऱ्यास फासावर चढविणारे हात त्याला धुऊन काढावयाचे आहेत आणि ते हाती लागत नसल्यामुळे तो घरातील वस्तू धुतो आहे. पोथीतला धर्म चुकीचा असल्याने ते घर पोळले असे लेखिका कोठेही म्हणत नाही. धर्म भीतीच्या हाती गेला म्हणजे त्याचे ओझे घरातील बायकांच्या डोक्यावर कसे येते, एवढेच ती दाखविते. ज्या मुलीने बालपणी धर्म म्हणजे स्पर्शाची भीती असे अनुभवले, तिला पुढे देव भेटलाच तर तो स्पर्शाच्याच वाटेने भेटावयास हवा होता. तसेच झाले.

टिळकांचे मतांतर कसे झाले हे सर्वश्रुत आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका मिशनऱ्याने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यांनी ते वाचले, तोलले, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मराठीतील बहुतेक सुशिक्षित ख्रिस्ती जनांची वाट अशीच ग्रंथांतून गेलेली आहे. बेळगावात जन्मलेले आणि १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र पाहावे. तेथे वाचन, शंका, वादविवाद आणि निर्णय असा क्रम आहे. आधी बुद्धी पटते, मग आचरण बदलते. त्या ग्रंथाचा प्रामाणिकपणा आम्ही मानतो. परंतु त्यात भांडीकुंडी वाजत नाहीत.

लक्ष्मीबाईंचा क्रम नेमका उलट. पतीच्या धर्मांतराची वार्ता त्यांच्यावर कुऱ्हाडीसारखी कोसळली. पुढे सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातला काही काळ तर पंढरपुरात, विठोबाच्या पायथ्याशी गेला. नंतर त्या टिळकांकडे गेल्या तरी सोवळे घेऊनच गेल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. भोवती सारी ख्रिस्ती वस्ती, आणि मध्ये या बाईंची वेगळी चूल! हा प्रकार किती दिवस चालणार? तो एकदम मोडला नाही, हळूहळू झिजला. या जाती देवाने केल्या की माणसांनी, असा प्रश्न त्यांच्या मनाने स्वतःसच विचारला. देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत ठेवला तसा काही भेद त्याने माणसांच्या घडणीतही ठेवला असता, अशा साध्या विचाराने त्यांनी तो सोडविला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे-प्यावयाचे असे ठरविले. बाप्तिस्मा आला त्यानंतर, १९०० मध्ये.

या क्रमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. येथे कोणी उपदेशक नाही. प्रश्न पाण्याच्या तांब्याचा आहे आणि उत्तरही तांब्यातच मिळालेले आहे. जलालपूरच्या घरातले धुण्याचे ते भय मुलगी तीस वर्षांनी या वस्तीत उतरवून ठेवते. पहिल्या प्रकरणातील विनोद आणि हा प्रसंग हे दोन वेगवेगळे रस नव्हेत, एकाच धाग्याची दोन टोके आहेत. विनोदाचा उतारा कापून वर्गात वाचणारा आमच्यासारखा शिक्षक हा धागाच तोडतो.

यावर एक आक्षेप येतो व तो आम्ही अनेकदा ऐकला आहे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पतिव्रता म्हणून. नवरा जेथे गेला तेथे त्या गेल्या. यात श्रद्धेचा काय संबंध? आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. पतीवरील प्रेम हे त्यांच्या जीवनाचे मोठे बळ होते यात वाद नाही. पण केवळ पतीमागे जाणारी स्त्री पाच वर्षे थांबत नाही, आणि गेल्यावर वेगळी चूल मांडीत नाही. त्या टिळकांकडे गेल्या ही पतिनिष्ठा. तेथे जाऊन त्यांनी मन मोकळे होईतो स्वतःचे सोवळे सांभाळले, ही त्यांची स्वतःची निष्ठा. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि टिळकांच्या मृत्यूने त्यांचे ख्रिस्तीपण संपले नाही. या दोन गोष्टी लक्षात घेतल्या म्हणजे आक्षेपात फारसा जीव उरत नाही.

आता अधिक नाजूक विषयाकडे वळू. टिळकांची श्रद्धा उंच होती, उदार होती, आणि घरात ती फार महाग पडे. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. दुसऱ्याचे दुःख दिसले की घरातील वस्तू बाहेर जाई. कधी न सांगता स्वारीच नाहीशी होई. पाहुणे, विद्यार्थी, अनाथ मुले यांचा घरात सदैव राबता. बालकवी ठोंबरे याच घरात घरच्या मुलासारखे राहून गेले. मराठी कवितेने त्याबद्दल टिळकांचे ऋण मानावे हे योग्यच. पण त्या पंक्तीला वाढले कोणी? पिठाच्या डब्याचा तळ दिसल्यावर शेजारी कोण गेले? टिळकांच्या ‘अभंगांजली’त प्रेमाचा देव आहे, त्या देवाच्या पाहुण्यांची भाकरी थापणारी बाई ‘स्मृतिचित्रां’त आहे. एकाच घरात ख्रिस्तभक्तीची ही दोन रूपे नांदत होती, आणि दुसरे पहिल्याचा खर्च भरीत होते.

लेखिकेचे मोठेपण असे, की हा हिशोब ती मांडते पण वसुलीस निघत नाही. पतीचा उल्लेख ती सर्वत्र ‘टिळक’ असा करते. त्या काळच्या स्त्रीच्या लेखणीत हे एक नवलच. या एका शब्दामुळे तिला पतीपासून हवे तेवढे दूर उभे राहता येते आणि तेथून ती त्यांच्याकडे पाहून हसते. या हसण्यात कडवटपणा मुळीच नाही, असे म्हणणाऱ्या टीकाकारांशी आम्ही सहमत नाही. तो आहे; काही ठिकाणी हसू संपते तेथे एक आवंढा गिळल्याचे वाचकाला ऐकू येते. परंतु कडवटपणा शेवटचा शब्द होत नाही. क्षमा हा शब्द वारंवार न उच्चारता क्षमा करणे म्हणजे काय, हे या संसारचित्रांतून जितके कळते तितके प्रवचनांतून क्वचित कळते. येथे आम्हांस एक शंका मात्र राहते, आणि ती लपविणे बरे नव्हे. सोसणारी बाई हसून सोसते म्हणून आम्ही पुरुष वाचक तिच्यावर इतके प्रसन्न तर नाही ना? तिने तक्रार केली असती तर हा ग्रंथ आम्हांस एवढा आवडला असता काय?

दुष्काळ आणि प्लेग यांच्या दिवसांतील पाने या दृष्टीने वाचावीत. आईबाप गेलेली मुले येतात, त्यांना न्हाऊमाखू घालावे लागते; रोग्यांची शुश्रूषा करावी लागते. असल्या ठिकाणी धार्मिक लेखकाची लेखणी हटकून शास्त्रवचनाकडे धावते. लक्ष्मीबाईंची लेखणी धावत नाही. वाक्ये आखूड, क्रियापदे कामाची, आणि दुःखाच्या शेजारी लगेच एखादी हास्यास्पद गोष्ट, कारण प्रत्यक्ष घरात ती तशीच शेजारी असते. मूल दगावले तेथेही फार शब्द नाहीत. आम्ही पाठशाळेत ‘रस’ शिकवितो आणि करुण व हास्य यांत विरोध सांगतो. या बाईंना तो विरोध कोणी सांगितला नसावा, हे मराठीचे भाग्य.

याच हाताने श्रद्धेला विषय म्हणून समोर ठेवले तेव्हा काय झाले, हेही पाहणे उद्बोधक आहे. टिळकांनी आरंभिलेले आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे पद्यमय ख्रिस्तचरित्र लक्ष्मीबाईंनी मोठ्या निष्ठेने पुढे नेले. त्यांच्या चिकाटीला नमस्कार असो. तथापि आम्ही ते वाचीत असता आम्हांस सारखी ‘स्मृतिचित्रां’ची आठवण होत राहिली. ‘ख्रिस्तायना’त भक्ती आहे, पण ती बाई नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. अभंगाची वाट टिळकांना जन्मजात सुचली. त्यांच्या घरातील व्यक्तीला ती तितकीशी सोयीची नव्हती. तिचा पूल वेगळा होता. तो ओटीवरच्या, परसातल्या, विहिरीवरच्या बोलण्याचा होता, आणि गद्यात तो जसा तोलून धरतो तसा पद्यात धरीत नाही.

टिळकांच्या मृत्यूनंतरचा भाग सैल आहे हे मान्य केले पाहिजे. मुंबई, पुढे कराची, आणि मग पुन्हा नाशिक, अशी स्थळे बदलतात. प्रसंगांची गर्दी होते. पहिल्या भागांची पकड सुटते. परंतु आमच्या विषयापुरते बोलावयाचे तर हा सैल भागच निर्णायक ठरतो. पन्नाशीच्या घरातली विधवा, अंगी शाळेचे शिक्षण नाही, आणि ज्याच्यामुळे हे सारे आयुष्य बदलले तो पुरुष आता जगात नाही. अशा वेळी मागे फिरण्याची, निदान कुढत बसण्याची मुभा तिला होती. ती नोकरी पाहते, नव्या गावात जाते, तेथल्या माणसांच्या तऱ्हा टिपते. पूर्वी टिळकांच्या निमित्ताने आलेली परकी मुले-माणसे आता तिची स्वतःची झालेली आहेत. याला श्रद्धा म्हणावयाचे नाही तर दुसरे नाव काय द्यावे ते आम्हांस ठाऊक नाही.

गोव्यातील वाचकाला या ग्रंथाशी एक वेगळे, काहीसे अवघड नाते जाणवल्यावाचून राहत नाही. धर्मामुळे घर दुभंगणे म्हणजे काय, हे आमच्या भूमीस सांगावे लागत नाही. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे न्यावी लागली; मागे राहिलेल्यांतले कित्येक ख्रिस्ती झाले; आणि आजही काही कॅथलिक घराण्यांना आपले जुने कुलदैवत माहीत असते. तो राजसत्तेचा रेटा होता आणि टिळकांचा निर्णय हा एका स्वतंत्र माणसाचा निर्णय होता. दोहोंची बरोबरी करणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु दुभंगलेल्या घरात मागे राहिलेल्या बाईचे काय झाले, ती रात्री काय बोलली, तिने पाणी कोणाच्या हातचे प्याले, याविषयी आमचे जुने कागद मुके आहेत. ‘क्रिस्तपुराण’ त्या बाईसाठीच रचले गेले असेल. तिने स्वतः मात्र काही लिहून ठेवलेले आमच्या हाती आलेले नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना तीनशे वर्षांच्या अंतराने आणि परप्रांतातून का होईना, तिचा आवाज प्रथम कानी पडल्यासारखे वाटते. तो आवाज कोणा धर्माला शाप देत नाही आणि कोणा धर्माची जाहिरातही करीत नाही.

ग्रंथाची इंग्रजी भाषांतरे झाली आहेत. शांता गोखले यांचे भाषांतर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. परभाषिक वाचक आता तो अखंड वाचू शकतात. आमच्या शाळांतील मुलांना मात्र तो अद्याप उताऱ्यांतूनच भेटतो. उतारा निवडणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की विनोदाचा भाग घ्यावयाचा तर खुशाल घ्यावा. पण वडिलांच्या सोवळ्याचा प्रसंग घेतला तर पुढील पाण्याचा प्रसंगही त्याच्यासोबत घ्यावा. दोन्ही मिळून फार पाने होत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही दहावीच्या वर्गापुढे दोन्ही प्रसंग लागोपाठ वाचले. पहिल्यावर नेहमीप्रमाणे हशा झाला. दुसऱ्यावर वर्ग गप्प होता, मग एका मुलाने विचारले, “सर, पण मग त्यांच्या वडिलांना हे कळलं असतं तर?” आम्ही खडू खाली ठेवला, आणि तास संपेपर्यंत मुलेच आपसांत बोलत राहिली.